बेचक्यात एक की दोन

२ मार्च

औषध कंपनीने दिलेली ही डायरी दोन महिने फ्रिजवर धूळ खात पडली होती. आज उघडली. घरात मी आणि माझे गुडघे एवढेच, आणि गुडघ्यांशी किती बोलणार?

आगायनी आज केबिनमध्ये बोलावून एक काम गळ्यात मारलं. तिशीत त्यांच्या हाताखाली शिकायला आले तेव्हापासून मी त्यांना आगाय, म्हणजे सर, म्हणते. आता मी चोपन्नची, ते एकाहत्तरचे, तरी मी अजून 'पोरी'च.

भांडण जुनंच आहे. हृदयाची नस जिथे दोन फांद्यांत फुटते, तिथे नेमका बेचक्यातच अडथळा झाला तर काय करायचं? आगाय म्हणतात, दोन्ही फांद्यांत औषध लावलेला स्टेंट बसवा, दोन्ही वाटा मोकळ्या. रेनात म्हणतो, मोठ्या फांदीत एकच बसवा आणि धाकटीच्या वाटेला जाऊ नका. बेचक्यात जितकी जाळी जास्त, तितकी गुठळीची भीती जास्त. रेनात माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. हात सोन्याचा आणि जीभ मिरचीची. पाच वर्षांपूर्वी दोघांनी आपापल्या पद्धतीने माणसं दुरुस्त केली. आगायकडे डोंगरातली आली, नारिन, आत-बाशीकडची, कारण तिकडे त्यांचं नाव आहे. रेनातकडे इथली, बिश्केकची. आता त्यातलं कोण जगलं, कोण गेलं, कोणाला पुन्हा झटका आला, हे मी मोजायचं. ऑक्टोबरात अल्माटीच्या परिषदेत आगाय ते वाचणार.

"जरा घाई कर पोरी," ते म्हणाले. "माझ्या ओळखीचा एक म्हातारा आहे. त्याचंही बेचक्यातच अडलंय. एक की दोन हे आकड्यांनी सांगितल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणतो."

"आकडे येईस्तोवर राहील का तो?"

"बघू," म्हणाले आणि त्याच्या नसांची फिल्म लावली. नावावर चिकटपट्टी. मोठी फांदी जवळजवळ बंद, धाकटीचं नुसतं तोंड थोडं अरुंद.

"एवढं बघून जो थांबतो तो एक तर वेडा असतो, नाहीतर डॉक्टर," मी म्हटलं. आगायना याचं इतकं हसू आलं की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला.

११ मार्च

लिफ्ट बंद. आगाय दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभे राहून खिडकीतून पॉप्लरचं झाड बघत होते. कालही बघत होते. एक पान नाही त्यावर, काय बघतात देव जाणे.

"मी नोकरीला लागलो तेव्हा हे माझ्या कमरेएवढं होतं," म्हणाले. वय झालं की माणूस हळवा होतो. त्यांची बॅग मीच वर नेली, माझ्या गुडघ्यांसकट.

४ एप्रिल

सकाळपासून बर्फ. एप्रिलमध्ये! डोलोन घाट बंद, नारिनच्या गाड्या अडकून पडल्यात. रेनातचे पेशंट बरे, बोलावलं की बसने हजर. आगायच्या डोंगरकऱ्यांना मात्र फोन. ओरडून ओरडून घसा बसला.

पण काय माणसं आहेत! कोणी मरायचं नावच घेत नाही. "कसे आहेत आता?" "बरे आहेत, देवाची कृपा." पुढचा फोन. "कसे आहेत?" "बरे आहेत, तुम्ही कशा?" आत-बाशीच्या सातारकुलच्या घरी त्याची बायको उल्कान आपा होती. हा सातारकुल दर वर्षी लोणी घेऊन यायचा आणि आगायच्या टेबलावर ठेवायचा, थेट रिपोर्टांवर.

"तो ना? मजेत आहे. मेंढ्या घेऊन वर गेलाय, उन्हाळी कुरणात."

"या वयात? कमाल आहे! औषधं घेतात ना वेळेवर?"

तिकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "आता त्याला काही त्रास नाही, पोरी. तू जेवलीस का?"

लिहिलं: जिवंत, तक्रार नाही. असा पेशंट असावा.

१९ मे

हिशेब लागला. दोन स्टेंटवाल्यांत सहा गेले, एकवाल्यांत तेरा. दोन्हीकडे माणसांची संख्या सारखीच. आगाय जिंकले! मी स्वतः बाजारातून केक आणला. रेनातने तुकडा घेतला आणि कागद उलटसुलट करून बघितला. मला तो एजे, म्हणजे ताई, म्हणतो.

"एजे, तुमच्या डोंगरात माणसं मरत नाहीत का हो?"

"जळतोस मेल्या."

"जळतोय तर. पण सांगा ना. तिकडे दवाखाना लांब, औषध संपलं की आठवडाभर मिळत नाही, आणि तरी माझ्या शहरकऱ्यांपेक्षा जास्त जगतात? हवेत काय आहे?"

"कुमिस आहे. घोडीचं दूध पी दोन महिने, तुझीही जीभ गोड होईल."

सगळे हसले, आगाय सोडून. ते आपला केक न खाता कागदाकडेच बघत होते. "म्हणजे माझ्या ओळखीच्याला दोन," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "ऑक्टोबर झाला की सांगतो त्याला. छापून आलं की." अजून कशाला थांबायचं ते कळलं नाही. आपल्याच विजयावर इतका कमी विश्वास असलेला माणूस मी पाहिला नाही.

२८ जून

नारिनच्या शिबिराला निघाले होते. वाटेत वाकडी वाट करून आत-बाशीत सातारकुलकडे डोकवावं म्हटलं. चार वर्षं लोणी खाल्लंय त्याचं.

दारात पंचवीस-तीस घोडे बांधलेले. अंगणात चुलींवर कढया, बाया कणकेचे बोरसोक तळतायत, म्हातारे टोप्या घालून रांगेत बसलेत. मी एका बाईला हसत विचारलं, "लग्न कोणाचं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू तिथेच विरलं. "लग्न कसलं? सातारकुलचं वर्षाचं जेवण आहे."

एप्रिलमध्ये मी त्याला जिवंत लिहिलंय. तो गेल्या वर्षीच्या जूनमध्येच गेला होता.

उल्कान आपाने मला ओळखलं. हात धरून आत नेलं, बसवलं, चहा दिला, नानचा तुकडा मोडून हातात ठेवला. मी चावला तेव्हाच बोलायला लागली. कसं सकाळी घोड्याला पाणी दाखवायला गेला, कसं छाती धरून बसला, कसा हसला, की आगायचं यंत्र बिघडलं वाटतं. सगळं सांगितलं. मी रडले, मग मला राग आला.

"आपा, फोनवर खोटं का सांगितलंत?"

"मग काय सांगणार होते? मी गोठ्यात, हातात बादली. तू तिकडून हसत विचारतेस. मरण असं फोनमधून तोंडावर फेकतात का कोणाच्या? तू बसलेली नाहीस, शेजारी कोणी माणूस नाही, तोंडात नानचा कण नाही. आणि तुम्ही लोकांनीच तर त्याला चार वर्षं दिली होती. ती संपली असं तुला कसं म्हणू?" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि पोरी, बर्फ पडत असताना वर कुरणात कोण जातं? मला वाटलं तुला कळलं. कळून तू औषधांचं विचारलंस, उगीच माझं मन राखायला. मी शेजारणीला सांगितलंसुद्धा, डॉक्टरीण फार शहाणी आहे म्हणून."

माझे वडील मेंढपाळ होते. मे उजाडल्याशिवाय कुरणाचं तोंड दिसत नाही हे मला चालता येण्याआधीपासून माहीत आहे. मरणाची बातमी कशी सांगतात तेही माहीत आहे. आजोबा गेले तेव्हा चार म्हातारे येऊन आधी तासभर गवताबद्दल बोलले होते. आणि तरी त्या फोनवर मला फक्त 'मजेत आहे' एवढंच ऐकू आलं. मला तेच ऐकायचं होतं.

त्या दिवशी आणखी किती जण मेंढ्या घेऊन वर गेले होते?

७ जुलै

रजा टाकली. शिबिर संपलं तरी परतले नाही. मार्शरुत्काच्या मिनीबसमध्ये चेंगरून, एकदा तर गवताच्या ट्रकवर बसून, फोनवर 'बरे' असलेल्या प्रत्येक घरी जातेय. आता पद्धत कळली. जाऊन बसायचं. हवापाण्याचं बोलायचं. नान मोडेपर्यंत पेशंटचं नाव काढायचं नाही.

बरेच खरोखर बरे आहेत, देवाची कृपा. एक जण तर माझ्यावर ओरडला, की जिवंत माणसाची चौकशी करायला इतक्या लांब येतात का, अपशकुन! पण काही घरांत नान मोडला की बाई पदर डोळ्याला लावते. काहींनी कुमिस प्यायला वर जाताना गोळ्या घरीच ठेवल्या. कुमिस सगळं धुऊन काढतं म्हणे. एक जण घोड्यावरून पडून गेला. तोही मोजायचा, नियम आहे.

९ जुलै

आगायचा फोन. आवाज दमलेला वाटला, लाइन खराब असेल.

"कुठे भटकतेयस? रस्ते कसे आहेत?"

"छान आहेत."

"आणि आपली माणसं?"

मी नारिनच्या बाजारात उभी होते, एका हातात कलिंगड. तोपर्यंत आठ नवीन मृत्यू माझ्या पिशवीत होते.

"बरी आहेत आगाय, देवाची कृपा," मी म्हटलं.

काय करणार? असं फोनवर कसं सांगू?

१५ जुलै

आज गेले त्यांच्या घरी. वाटेत नान घेतला. सोनुन एजेने, आगायच्या बायकोने, चहा टाकला. मी जर्दाळूंची चौकशी केली. यंदा मोहर गळाला का. शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं काय झालं. आगाय नान मोडता मोडता थांबले.

"पोरी, तू जर्दाळूंचं विचारायला भर उन्हात आलेली नाहीस. पाठ ताठ करून बसलीयस. आमच्या गावात असे कोणी येऊन बसले की बाया शोकाला अंबाडा सोडायला लागायच्या. सांग, कोण गेलं?"

"आठ जण, आगाय. तुमच्या बाजूचे. सातारकुल धरून."

नावं एकेक करून सांगितली. त्यांना प्रत्येकाची नस आठवत होती, चेहरा नंतर. सहाचे चौदा झाले. रेनातचे तेरा आहेत तसेच आहेत. त्याचे बाकीचे सगळे स्वतः येऊन भेटून गेलेत. म्हणजे कोणीच जिंकलं नाही.

आधी त्यांनी हातातला नान खाली ठेवला. मग एकदम भडकले.

"तुला डोंगरात जायला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"फोनवर होतं ते चाललं नसतं का? सगळे असंच करतात!"

"चाललं असतं. तुमच्या ओळखीच्या म्हाताऱ्याला दोन बसले असते."

उठून आत गेले, दार लावून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या तोंडावर दार लावलं नव्हतं. मी चपला घालत असताना सोनुन एजे हळूच म्हणाली, "बुरुल, त्याला हल्ली जिने चढवत जाऊ नका गं." मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त झाली की सांगते. मला त्यांच्या जिन्याचं पडलं नव्हतं. माझे गुरू माझ्यावर रागावलेत, एवढंच डोक्यात होतं.

२ ऑगस्ट

अजून बोलत नाहीत. मी रागारागात सगळ्या फिल्म पुन्हा लावून बसले. रेनातही आला, न बोलावता. दोघांनी एकेक बेचकं पाहिलं. जिथे धाकटी फांदी चांगली जाड आहे आणि आतपर्यंत सडलीय, तिथे आगायचे दोन खरंच भारी पडले. रेनातच्या तसल्या पेशंटांना पुन्हा पुन्हा टेबलावर यावं लागलं. पण धाकटीचं नुसतं तोंड अरुंद असेल तर एक पुरतो. दुसरा घातल्याने काही हाताला लागलं नाही.

"म्हणजे आम्ही दोघेही बरोबर," रेनात म्हणाला.

"म्हणजे तुम्ही दोघेही अर्धे," मी म्हटलं. तो हसला. वाईट नाही मुलगा.

२० ऑगस्ट

आगाय माझ्या खोलीत आले. स्वतः चालत, हळूहळू. मी नवे आकडे पुढे ठेवले. त्यांनी सगळं वाचलं, दोनदा. मग ती फिल्म काढली, ओळखीच्या म्हाताऱ्याची.

"याला काय सांगशील?"

"धाकटीचं फक्त तोंड अरुंद आहे. एक."

"नक्की?"

"आकडे तेच म्हणतात. पण आगाय, त्याला म्हणावं आता तरी चढ टेबलावर. सहा महिने झाले. एवढा हट्टी कोण आहे हा?"

"पट्टी काढ," म्हणाले.

काढली. नाव वाचलं. ओमुर्झाक. आगायचंच नाव.

मग मला एकदम सगळं दिसलं. ते पॉप्लरचं झाड. ती बॅग. तो दमलेला आवाज. सोनुन एजे. मी हृदयाची डॉक्टर! दुसऱ्या मजल्याच्या वळणावर उभ्या असलेल्या माणसाला मी हळवा म्हणाले. मी इतकं बोलले त्यांना, इतकं, की बाहेर नर्स जमल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वेडा नाही," शेवटी म्हणाले, "डॉक्टर."

१२ सप्टेंबर

झालं.

रेनातला त्यांनीच निवडलं. "माझ्या हातून सुटलेले त्याने सावरलेत, आणि त्याच्या हातून सुटलेले मी," म्हणाले. मी शेजारी उभी. माणूस जागा असतो टेबलावर, आणि हा माणूस तर पडद्याकडेच बघत होता.

मोठ्या फांदीत स्टेंट बसला, सुंदर. पण तो फुलताना धाकटीचं तोंड आणखी आवळलं. मला दिसलं. रेनातला दिसलं. आडव्या पडलेल्या आगायना तर सगळ्यांच्या आधी.

"आवळलं! दुसरा घाल."

"आगाय, पेशंटने बोलायचं नसतं."

"पेशंट असेन तुझ्या घरी. तीस वर्षं बेचकी बघतोय मी. दुसरा घाल म्हणतो ना!"

रेनातने माझ्याकडे पाहिलं. "एजे?"

माझे गुरू सांगतायत घाल. धाकटी बंद पडली तर मी त्यांच्या तोंडावर त्यांच्याच हृदयाला नाही म्हटलेलं असेल. मी पडद्याकडे बघितलं. तोंड बारीक, पण रक्त शेवटच्या टोकापर्यंत जात होतं, स्वच्छ. छातीत दुखतंय का विचारलं. नाही म्हणाले, फार चिडून.

"रक्त वाहतंय. एकच. थांब रेनात."

"पोरी..."

"तुम्हीच मोजायला लावलंत."

त्यांनी डोळे मिटले. रेनातने तार बाहेर ओढली. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले. ती धाकटी फांदी आता माझ्या जिवाला लागून राहिली आहे.

३० ऑक्टोबर

अल्माटीत आगायनी सगळं वाचलं. आधी मेचे आकडे, मग जुलैचे, आणि मधे काय झालं तेही. एका पाहुण्याने विचारलं, ही आठ नावं आधी कशी सुटली? आगाय म्हणाले, "आम्ही फोन केला होता. त्यांच्या घरच्यांना आमची दया आली." मागे बसलेले कझाक डॉक्टर खाली मान घालून आपापले कागद बघायला लागले.

६ एप्रिल

पुन्हा बर्फ. आठवडाभर आगायचा फोन नाही. थंडीत गुडघे उठलेत म्हणून मीही गेले नाही. सकाळी फोन लावला. सोनुन एजेने उचलला.

"आगाय कसे आहेत?"

"तो ना?" ती म्हणाली. "मजेत आहे. मेंढ्या घेऊन वर गेलाय, उन्हाळी कुरणात."

आगायकडे मेंढ्या नाहीत. खिडकीबाहेर बर्फ पडत होता. मी फोन ठेवला. कोट घातला, बटणं उलटसुलट लागली. कोपऱ्यावरून नान घेतला, गरम होता, हाताला भाजला. वाटभर ती धाकटी फांदी डोळ्यांसमोर. मी म्हणाले होते एकच. मी. तीन जिने कसे चढले ते गुडघ्यांनाच माहीत. दाराशी उभी राहून विचार केला, आधी बसायचं, बातमी बसून ऐकायची.

दार आगायनी उघडलं. हातात सफरचंद, अर्धं सोललेलं.

"आलीस!" म्हणाले. "बघ सोनुन, मी म्हटलं नव्हतं, नुसतं 'जिवंत' लिहून मोकळी होणार नाही म्हणून?"

हातात नान नसता तर मी मारलंच असतं. मी रडत होते आणि शिव्या देत होते, दोन्ही एकदम. आतून सोनुन एजे ओरडली, "मी नको नको म्हणत होते गं! यानेच फोन हातात कोंबला!"

"चूप बस, आत ये," आगाय म्हणाले. बसवलं, चहा दिला, नान मोडून हातात ठेवला. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर वर्षी येत जा. मी दार उघडलं नाही तर सोनुन उघडेल. पण बस आधी. खा. मग विचार."

मी खाल्लं. मग त्यांना चपला घालायला लावून खाली अंगणापर्यंत नेलं आणि म्हटलं, चढा आता, माझ्यासमोर.

ओमुर्झाक, वय बहात्तर, बेचक्यात एक स्टेंट. जिवंत. तीन जिने न थांबता चढले. वळणावर मीच थांबले. ते वरून कठड्यावर वाकून विचारत होते, झाड बघतेयस का पोरी?